प्रशिक्षक घरचो की भायरचो?

भातकापणी उरकली, की आमच्या मालवण तालुक्यातले मळे क्रिकेटसाठी मोकळे होतात. उरलेली खुंटं काढायची, पाणी मारून रोलर फिरवायचा, दोन्ही टोकांना चुना ओढायचा, झाली खेळपट्टी. २०२५ च्या नोव्हेंबरात ज्या दिवशी गुवाहाटीच्या कसोटीत दक्षिण आफ्रिकेने भारताला ४०८ धावांनी हरवलं, त्याच संध्याकाळी आमच्या वाडीच्या मंडळाची बैठक होती. विषय होता स्पर्धेचे नियम. एक गाव एक संघ, आधार कार्ड बघून प्रवेश, प्रत्येक संघात बाहेरचा खेळाडू एकच. इथवर सगळ्यांचं जमलं आणि मग गाडी अडली. एखादा राहतो नालासोपाऱ्याला, पण गणपती आणि शिमगा चुकवत नाही. घर इथलं, देव इथला, सातबाऱ्यावर नाव इथलं, पण आधार कार्डावरचा पत्ता तिकडचा. तो गावचा की बाहेरचा? यावर तासभर गेला.

तेवढ्यात कोणीतरी मोबाईलवरून कसोटीचा निकाल पुन्हा वाचून दाखवला. धावांच्या हिशेबात कसोटीतला भारताचा हा सर्वांत मोठा पराभव. एक आजोबा म्हणाले, "ह्यांका आता गोरोच मास्तर होयो." लगेच पलीकडून आवाज आला, "कित्याक? आपली माणसां काय मेली?" मी आजूबाजूच्या गावांतल्या स्पर्धांना अंपायर म्हणून जातो, क्रिकेटबद्दल वाचायचा नादही आहे, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या गोंगाटात मला सगळं धड सांगता आलं नाही. सांगायचं होतं ते असं.

आधी हा मास्तर करतो काय, ते बघू. फुटबॉलमध्ये प्रशिक्षक रेषेपाशी उभा राहून ओरडत असतो, खेळाडू बदलतो, डाव फिरवतो. क्रिकेटमध्ये तसं नसतं. आपल्या होडीवरून समजेल. एकदा दर्यात गेलं, की तांडेल म्हणेल ती दिशा. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, वारा फिरला तर परतायचं का, सगळं तो ठरवतो. मालक बंदरावर असतो. क्रिकेटमध्ये कप्तान हा तांडेल आणि क्रिकेट बोर्ड हा मालक. प्रशिक्षक म्हणजे होडी सुटण्याआधी जाळी तपासणारा, इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा, कोणत्या खलाशाचं आज मन लागत नाही हे हेरणारा, आणि होडी रिकामी परत आली की मालकाची बोलणी खाणारा माणूस. गोलंदाज बदलणं, क्षेत्ररक्षण लावणं, डीआरएस घेणं (म्हणजे अंपायरच्या निर्णयावर दाद मागणं) ही कप्तानाची कामं. सामना चालू असताना प्रशिक्षक फार तर पाण्याच्या बाटलीबरोबर बाराव्या खेळाडूकडे निरोप धाडतो.

त्यातून भारतात दौऱ्यासाठी संघ निवडते ती पाच जणांची निवड समिती. प्रशिक्षकाचं म्हणणं ऐकून घेतात, पण त्याला मत नसतं. सामन्यातले अकरा जण मात्र कप्तान आणि तो मिळून ठरवतात.

आता आमच्या त्या बैठकीतली एक गोष्ट सांगतो, जिच्यावर एक मिनिटसुद्धा वाद झाला नाही. अंपायर बाहेरगावचा. नेहमीच. ज्या दोन गावांचा सामना, त्यातल्या कुठल्याच गावचा नको. खेळाडूचं आधार कार्ड तपासणारी हीच माणसं अंपायर मात्र मुद्दाम चार गावं ओलांडून आणतात, त्याला गाडीभाडं देतात, जेवायला मासे वाढतात. कारण सरळ आहे. पायचीत देताना समोर भाचा उभा असेल तर बोट वर जात नाही.

प्रशिक्षकाच्या कामाचे असेच दोन भाग असतात. अर्धा तो अंपायर असतो: मोठ्या नावाला बसवायचं का, भांडणात कोणाची बाजू घ्यायची, कोणाचे दिवस संपले. अर्धा तो मास्तर असतो: डावा पाय कुठे पडतोय, पोरगं का घाबरलंय, रात्री झोपलं होतं का. पहिल्या कामाला परका बरा. दुसऱ्याला आपला बरा, निदान आपली भाषा कळणारा. म्हणून परदेशी प्रशिक्षक घ्यावा का याचं उत्तर प्रत्येक वेळी वेगळं येतं. त्या वेळी संघाचं कोणतं अंग दुखतंय, त्यावर ते ठरतं.

२००० साली अंपायरकीचं अंग दुखत होतं. मॅच फिक्सिंगच्या प्रकरणाने भारतीय क्रिकेटची अब्रू गेली होती. त्याआधी अजित वाडेकर, संदीप पाटील, मदनलाल, अंशुमन गायकवाड, कपिल देव अशी आपलीच थोर मंडळी त्या खुर्चीवर बसून गेली होती. त्यांच्या क्रिकेटच्या ज्ञानाबद्दल कोण बोलणार? पण आपला माणूस आला, की त्याच्याबरोबर त्याचं गाव येतं. निवड समितीत तेव्हा उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, मध्य अशा पाच विभागांचे पाच जण बसायचे आणि मुंबईकराने मुंबईच्या पोराचं नाव घेतलं, की बाकीच्या चौघांच्या भुवया वर जायच्या. मग नाव बरोबर असलं तरी संशय राहायचा. आमच्या वाडीच्या मंडळात याहून वेगळं काही चालत नाही.

अशा वेळी न्यूझीलंडचे जॉन राइट आले, भारताचे पहिले परदेशी मुख्य प्रशिक्षक. ८२ कसोटी खेळलेला सलामीवीर, नाकासमोर चालणारा माणूस, कोणाचा मामा नाही की कोणाचा मेव्हणा नाही. राहुल द्रविड त्याच वर्षी इंग्लंडमध्ये केंटकडून खेळले होते आणि राइट तिथे प्रशिक्षक होते, एवढीच काय ती ओळख. कप्तान सौरव गांगुली. पुढच्याच मार्चमध्ये कोलकात्यात फॉलोऑन मिळाल्यावर लक्ष्मणच्या २८१ आणि द्रविडच्या १८० धावांवर भारताने ऑस्ट्रेलियाचा सलग सोळा कसोटी विजयांचा रथ अडवला. २००२ ला लॉर्ड्सवर ३२६ धावांचा पाठलाग, २००३ ला विश्वचषकाची अंतिम फेरी, २००४ ला पाकिस्तानात जाऊन कसोटी मालिका. हे सगळं राइटने जिंकलं असं मी म्हणणार नाही, मैदानात सचिन, सेहवाग, कुंबळे होते. पण त्या खोलीतल्या कोणालाही हा माणूस पलीकडच्या आळीचा वाटला नाही. तो सगळ्यांनाच सारखा परका होता.

याच काळातला एक सामना मला फार आवडतो, आणि तो भारताने हरता हरता जिंकला वगैरे म्हणून नव्हे. २० मार्च २००३, डर्बन, विश्वचषकाची उपांत्य फेरी. भारत विरुद्ध केनिया. गांगुलीचं शतक, भारत ९१ धावांनी विजयी, तसा एकतर्फीच सामना. पण दोन्ही ड्रेसिंग रूममध्ये डोकावून बघा. भारताच्या खोलीत बसलेला न्यूझीलंडचा राइट. आणि केनियाच्या खोलीत? आपले संदीप पाटील. मुंबईचा माणूस परदेशी प्रशिक्षक म्हणून केनियाला घेऊन उपांत्य फेरीत आला होता, श्रीलंकेला हरवून. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा ते आजोबा गप्प झाले. परदेशी प्रशिक्षक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोरा माणूसच येतो. लालचंद राजपूतही मुंबईचे. २०१७ ला अफगाणिस्तानला कसोटीचा दर्जा मिळाला तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक ते होते. नंतर ते झिम्बाब्वेला गेले. काबूल आणि हरारेतल्या लोकांना 'भायरचो कित्याक?' असं वाटलंच नसेल असं कशावरून?

राइटनंतर २००५ ला ऑस्ट्रेलियाचे ग्रेग चॅपेल आले, आणि परदेशी प्रशिक्षक नको म्हणणाऱ्यांच्या हातात कायमचं कोलीत मिळालं. खेळाडू म्हणून चॅपेल राइटपेक्षा कितीतरी मोठे: २४ कसोटी शतकं. गांगुलीचाही त्यांना पाठिंबा होता. काही महिन्यांत झिम्बाब्वेच्या दौऱ्यावरून त्यांनी कप्तानाबद्दल बोर्डाला लिहिलेला मेल वर्तमानपत्रांत फुटला, कप्तानपद गेलं, ज्येष्ठ खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्यात दरी पडली. २००७ च्या विश्वचषकात भारत बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून पहिल्याच फेरीत घरी आला. (निवड समितीचे अध्यक्ष तेव्हा दिलीप वेंगसरकर होते, जन्माने आपल्या राजापूरचे. त्या काळात त्यांच्या डोक्याला किती ताप झाला असेल!)

चॅपेल परदेशी होते म्हणून असं झालं का? मला तसं वाटत नाही. त्यांच्या काळात भारताने धावांचा पाठलाग करत सलग सतरा एकदिवसीय सामने जिंकले आणि वेस्ट इंडिजमध्ये ३५ वर्षांनी कसोटी मालिका जिंकली, हे कोणी आठवत नाही. त्यांची चूक वेगळी होती. अंपायरने आऊट द्यावं, गावकीत पडू नये. चॅपेल गावकीत पडले. तांडेलाशी वैर धरून कोणी होडी चालवू शकत नाही, मग तो सिडनीचा असो की शिवाजी पार्कचा.

गॅरी कर्स्टन यांनी हेच ओळखलं असावं. दक्षिण आफ्रिकेचा हा माणूस २००८ ते २०११ भारताबरोबर होता, पण बातम्यांत जवळजवळ दिसलाच नाही. सकाळ-संध्याकाळ नेटमध्ये उभा राहून चेंडू टाकत राहिला. २००९ च्या अखेरीस भारत कसोटीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर खेळाडूंनी त्याला खांद्यावर घेतलं. त्या अंतिम सामन्यात समोरच्या श्रीलंकेचे प्रशिक्षक होते ट्रेव्हर बेलिस, ऑस्ट्रेलियाचे. आशियातले दोन संघ मुंबईत खेळत होते आणि दोन्हीकडचे मास्तर परदेशी. याच बेलिसनी पुढे २०१९ ला इंग्लंडला विश्वचषक जिंकून दिला.

भारताचे चौथे आणि आजवरचे शेवटचे परदेशी मुख्य प्रशिक्षक झिम्बाब्वेचे डंकन फ्लेचर. २०११ ते २०१५. इंग्लंडमध्ये ०-४, लगेच ऑस्ट्रेलियात ०-४, आणि मग २०१३ ची चॅम्पियन्स ट्रॉफी. दोन चांगले, एक बिघडलेला, एक अधलामधला. चौघांवरून नियम काढायला गेलात, तर पदरी काहीच पडणार नाही.

मोठा हिशेब मांडू. १९९६ ते २०२३ या काळात एकदिवसीय विश्वचषक आठ वेळा झाला. पाच वेळा ऑस्ट्रेलियाने जिंकला, पाचही वेळा त्यांचेच प्रशिक्षक. उरलेले तीन श्रीलंका, भारत आणि इंग्लंडने जिंकले, आणि तिन्ही वेळा प्रशिक्षक परदेशी. म्हणजे ऑस्ट्रेलिया नसाल तर बाहेरचा आणा? थांबा. वीस षटकांचा विश्वचषक २००७ ते २०२४ मध्ये नऊ वेळा झाला. त्यात सहा वेळा जिंकणाऱ्या संघाचा प्रशिक्षक घरचा होता, २००७ ला आपले राजपूत आणि २०२४ ला द्रविड धरून. आकडे तुम्हाला हव्या त्या बाजूने बोलतात.

ऑस्ट्रेलियानेसुद्धा एकदा बाहेरचा माणूस आणून पाहिला. २०११ ला मिकी आर्थर, दक्षिण आफ्रिकेचे. २०१३ च्या भारत दौऱ्यात हैदराबादची कसोटी हरल्यावर त्यांनी प्रत्येक खेळाडूला सुधारणेचे तीन मुद्दे लिहून द्यायला सांगितले. चौघांनी गृहपाठ दिला नाही. वॉटसन, जॉन्सन, पॅटिन्सन, ख्वाजा. चौघांनाही मोहालीच्या कसोटीतून वगळलं. शिस्त म्हणून चूक होती असं नाही, पण तिथली पोरं मास्तरला वही दाखवणारी नव्हती, आणि ते आर्थरना उशिरा कळलं. काही महिन्यांत, इंग्लंडविरुद्धच्या अॅशेस मालिकेच्या तोंडावर, त्यांची गच्छंती झाली आणि घरचे डॅरेन लेहमन आले. त्याच आर्थरनी २०१७ ला पाकिस्तानला चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकून दिली, अंतिम सामन्यात आपल्यालाच हरवून.

आता नालासोपाऱ्याच्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो इथेही आहे. १९९६ ला श्रीलंकेला जिंकवणारे डेव्ह व्हॉटमोर ऑस्ट्रेलियाकडून खेळले, पण जन्म कोलंबोचा. पाकिस्तानचे प्रशिक्षक असताना २००७ ला जमैकात वारलेले बॉब वूल्मर इंग्लंडकडून खेळले, पण जन्म कानपूरचा. इंग्लंडला नावारूपाला आणणारे अँडी फ्लॉवर झिम्बाब्वेकडून खेळले, जन्म केपटाऊनचा. यांच्या आधार कार्डावर काय लिहायचं? पासपोर्टवरून फारसं काही कळत नाही, एवढंच खरं.

मास्तरकीच्या अर्ध्या भागाला मात्र भाषा लागते. आमच्या इथे एका सुट्टीत मुलांचं शिबिर झालं होतं. बाहेरून आलेले प्रशिक्षक जाणकार होते, पण बोलणं सगळं इंग्रजीमिश्रित हिंदीत. एक पोरगा, चांगला ऑफस्पिन टाकणारा, प्रत्येक वाक्याला "हा सर" म्हणायचा. आठवड्याने कळलं, त्याला खांदा दुखतोय हे सांगायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. राष्ट्रीय संघात असं होत नाही असं म्हणणाऱ्यांनी लहान गावांतून थेट त्या खोलीत गेलेल्या पोरांचा विचार करावा. "येस सर"च्या मागे किती दुखणी लपतात ते फक्त बोलीभाषेत कळतं. सचिनचे गुरू रमाकांत आचरेकर मूळ आपल्या मालवणचे. त्यांच्या हाताखालचे अमोल मुजुमदार बघा. रणजीत आणि इतर प्रथम श्रेणी सामन्यांत ११ हजारांहून जास्त धावा, पण भारताकडून एकही सामना नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला तेव्हा प्रशिक्षक तेच होते. मध्येच सलग तीन सामने हरलेला तो संघ सावरायला नुसतं तंत्र पुरलं नसणार. आणि गंमत म्हणजे अंतिम सामन्यात मुलींनी हरवलं ते दक्षिण आफ्रिकेला, आणि त्याच देशाच्या पुरुष संघाला २०१९ च्या भारत दौऱ्यात फलंदाजी शिकवायला गेले होते हेच मुजुमदार. घरचे आणि बाहेरचे दोन्ही त्यांच्यात एकाच जन्मात.

म्हणजे एकाच नोव्हेंबरात घरच्या प्रशिक्षकाने विश्वचषक जिंकला आणि घरच्याच प्रशिक्षकाने मायदेशात कसोटी मालिका ०-२ अशी गमावली. कोलकात्यात १२४ धावा हव्या होत्या, संघ ९३ वर आटोपला. खेळपट्टी आम्हाला हवी तशीच होती, असं मुख्य प्रशिक्षक गौतम गंभीर नंतर म्हणाले. त्याच्या वर्षभर आधी न्यूझीलंडने इथे येऊन ०-३ केलं होतं. मग आता गोरो मास्तर?

माझं मत नाही असं आहे, आणि त्याला कारण आहे. २००० साली बाहेरच्याकडे जे होतं ते आपल्याकडे नव्हतं. सरावाची पद्धत, तंदुरुस्ती, समोरच्या संघाचा अभ्यास, कोणाच्याही गोतावळ्यात नसलेला माणूस. आता बंगळुरूची अकादमी पंचवीस वर्षं प्रशिक्षक घडवतेय. द्रविड आधी तिचे प्रमुख होते, मग मुख्य प्रशिक्षक झाले. आयपीएलमुळे अठरा वर्षांचं पोर फ्लेमिंग, पाँटिंग अशा परदेशी प्रशिक्षकांच्या हाताखालून येतं. आणि गंभीरच्या सोबतीला गोलंदाजीला दक्षिण आफ्रिकेचे मॉर्ने मॉर्कल आणि सहायक म्हणून नेदरलँड्सचे रायन टेन डोशाटे आहेतच. गोरो मास्तर खोलीत आधीच बसलाय, फक्त मोठ्या खुर्चीवर नाही. फिरत्या चेंडूसमोर आपलीच पोरं चाचपडतात, हे दुखणं घरच्या मैदानांवरच्या खेळपट्ट्यांचं आणि कसोटीसाठी न उरणाऱ्या सरावाचं आहे. त्यावर वेलिंग्टनहून आलेला माणूस काय औषध देणार? श्रीलंकेने उलट वाट धरली. परदेशी प्रशिक्षकांनंतर २०२४ ला घरच्या सनथ जयसूर्यांकडे संघ दिला आणि त्याच ऑगस्टमध्ये २७ वर्षांनी भारताविरुद्ध एकदिवसीय मालिका जिंकली.

उद्या पुन्हा कधी संघात दोन तट पडले, कप्तान आणि मोठे खेळाडू एकमेकांचं तोंड बघेनासे झाले, निवडीत गाव दिसू लागलं, तर मी सर्वात आधी बाहेरच्या माणसासाठी हात वर करेन. मात्र त्याला अधिकार देऊन. पाकिस्तानने २०२४ ला कर्स्टन आणि जेसन गिलेस्पी यांना आणलं. संघनिवडीतला त्यांचा अधिकार मध्येच काढून घेतला. ऑक्टोबरमध्ये कर्स्टन गेले, डिसेंबरमध्ये गिलेस्पी. अंपायर बाहेरगावचा आणायचा आणि बोट आपणच वर करायचं, तर गाडीभाडं फुकट.

आमच्या बैठकीत शेवटी नालासोपाऱ्याचा पोरगा गावचाच ठरला, सातबाऱ्यावर. बाहेरचा खेळाडू एकच, हे कायम राहिलं. अंपायर देवगडकडून येणार. माझं स्वतःचं काम पुढच्या रविवारी पलीकडच्या तालुक्यात आहे. लांबचा माणूस म्हणून आयोजकांनी मुद्दाम मला बोलावलंय. त्यांच्या विकेटकीपरची आई माझी सख्खी आत्या आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.